काजव्यांचे फोटो: काढायचे कसे, आणि किती फ्रेमनंतर ते थापा होतात

मे लागला की आमच्या टोळक्यात दोन गोष्टी ठरलेल्या, एक म्हणजे भंडारदऱ्याकडे कधी निघायचं यावर आठवडाभर काथ्याकूट आणि दुसरी म्हणजे परत आल्यावर कुणाच्या फोटोतले काजवे किती खरे यावर महिनाभर भांडण. आम्ही सगळे हौशी, फोटोवर कुणाचंच पोट नाही, त्यामुळे भांडायला वेळच वेळ. नाशिकचे एक डॉक्टर आहेत, ते म्हणतात एकच फ्रेम, म्हणजे शटर एकदा उघडून-मिटून निघालेला एकच फोटो, बाकी सगळी भेसळ. ठाण्याच्या एक मॅडम आहेत, शाळेत चित्रकला शिकवतात, त्या दीडशे फ्रेम एकावर एक चढवतात आणि झाडाचा दिवाळीतला आकाशकंदील करून टाकतात. एसटीतून रिटायर झालेले काका आहेत, त्यांनी रोलच्या जमान्यात हौस केलेली. आणि माझा भाचा, त्याच्याकडे फक्त फोन, तरी दरवर्षी त्याचा एक तरी फोटो आमच्यापेक्षा भारी येतो, ते वेगळं दुखणं.

मी सहा-सात वर्षं हे करतोय, त्यातली पहिली दोन पूर्ण वाया गेली. कशी गेली ते सांगतोच, कारण त्यातच निम्मं शिक्षण आहे.

आधी कधी जायचं ते. काजवे साधारण मेच्या मध्यापासून दिसायला लागतात आणि पाऊस धो धो लागला की खेळ खलास. वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या, हवा चिकट झाली, वारा पडला, की त्या रात्री काजवे जोरात असतात. सोसाट्याचा वारा असेल तर झाड सोडून खाली गवतात बसतात आणि तुम्ही वर बघत बसता. भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि वैशाख अमावस्या बघा, ती बहुतेक वर्षी मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कधीतरी येते, तिच्या आगेमागे चार दिवस धरा. पौर्णिमेला गेलात तर चांदण्यात काजवा फिका पडतो, फोटोत तर दिसतच नाही म्हटलं तरी चालेल.

इथेच पहिला मतभेद. डॉक्टरांना अमावस्या नको असते, त्यांना शुद्ध तृतीया-चतुर्थी लागते. म्हणजे कोरीचा चंद्र नऊ-दहाच्या सुमारास मावळतो, तोपर्यंत त्याच्या उजेडात झाडाचा आकार आणि मागचा डोंगर एका फ्रेममध्ये मिळून जातो, नंतर काळोख. एकच फ्रेम वापरणाऱ्याला हे अगदी बरोबर आहे. फ्रेमवर फ्रेम चढवणार असाल, ज्याला सगळे स्टॅक म्हणतात, तर अमावस्याच बरी, कारण काळोख जितका गडद तितकं नंतरचं काम सोपं.

आणि शनिवारी जाऊ नका. अहो खरंच नका जाऊ. माझं पहिलं वर्ष शनिवारी गेलं, रस्त्याला गाड्यांची रांग, प्रत्येक गाडी वळणावर आली की हेडलाइटचा झोत सरळ झाडावर, आणि झोत पडला की काजवे विझतात, परत चालू व्हायला वेळ घेतात. माझ्या पहिल्या रात्रीच्या ऐंशी फ्रेमपैकी साठेक फ्रेममध्ये कुणाची ना कुणाची गाडी आहे. मंगळवार-बुधवारची एक सुट्टी टाका, घाटघर, रतनवाडी, साम्रद, पुरुषवाडी, राजमाची, कुठेही जा, फरक कळेल. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत रात्री फिरायला वनखात्याचे नियम असतात आणि ते बदलतात, तेव्हा निघायच्या आधी ज्या गावात उतरणार तिथे फोन करून विचारा, काय चालतं, किती वाजेपर्यंत चालतं. गावात मुक्काम करा, पिठलं-भाकरी खा, दोन पैसे तिथे राहू द्या, आणि मुख्य म्हणजे तिथल्या एखाद्या मामांना बरोबर घ्या. कुठलं झाड यंदा पेटलंय हे त्यांना माहीत असतं. मागच्या वर्षीचं झाड यंदा पेटेलच असं नाही.

उजेड आहे तोवर करायची कामं

पाच-साडेपाचला जागेवर पोचा. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर या झाडांवर काजवे जास्त बघितलेत मी. एकटं उभं असलेलं, बुंधा दिसणारं, मागे मोकळं आकाश असलेलं झाड शोधा. नवीन माणूस नेमका दाट रानात कॅमेरा लावतो, मग फोटोत नुसते ठिपके येतात, कशावर बसलेत ते कळतच नाही. जमीन उजेडातच बघून घ्या, दगड, खड्डा, वारूळ, पायाखाली काय आहे ते, कारण रात्री बॅटरी लावायची नाहीये. पायात बूट, चप्पल नाही. साप-विंचवाचा महिना आहे हा.

ट्रायपॉड एकदा लावला की रात्री आवरेपर्यंत हलवायचा नाही. पाय पक्के रोवा, मधला दांडा वर काढू नका, बॅग खाली लटकवा. लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तर फोटो सावरणारी सोय, बंद करा, ट्रायपॉडवर ते उगाच थरथरतं कधीकधी.

आता फोकस. काळोखात ऑटोफोकस मागेपुढे घुर्र घुर्र करत राहतं आणि शेवटी हात वर करतं. म्हणून उजेड असतानाच झाडावर ऑटोफोकस करा, मग लेन्सचा खटका मॅन्युअलवर टाका आणि रिंगवर मेडिकलची पांढरी चिकटपट्टी लावा. झूम असेल तर झूमच्या रिंगवर पण, वर तोंड केलं की झूम आपोआप घसरतो. सगळीकडे लिहिलेलं असतं की फोकस इन्फिनिटीला ठेवा, मी पण ठेवला होता, आणि दुसरं वर्ष त्यात गेलं. इन्फिनिटी ताऱ्यांसाठी. तुमचं झाड चाळीस फुटांवर आहे आणि लेन्स एफ १.८ वर उघडी आहे (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), मग झाड मऊ येणार आणि काजव्यांचे बत्तासे होणार. फोकस झाडावर. तारे किंचित मऊ आले तर येऊ द्या.

सूर्य मावळतो सव्वासातच्या आसपास. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं आकाश निळं-जांभळं असतं, झाड काळं व्हायला लागलेलं असतं पण फांद्या अजून सुट्या दिसतात. त्या वेळात आठ-दहा फ्रेम वेगवेगळ्या शटरला, म्हणजे शटर कमीजास्त वेळ उघडं ठेवून, काढून ठेवा. हीच तुमची खालची फ्रेम, बेस, हिच्यावर पुढचे काजवे बसणार. ही काढायला विसरलात तर मग काळ्या कागदावर पिवळे ठिपके, बस. आणि हिच्यावरूनच आमच्याकडे सगळ्यात मोठं भांडण होतं, पण ते पुढे.

सेटिंग, आणि एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती

काजवा चमकतो किती वेळ? डोळ्याची पापणी लवली की संपलं. तुमचं शटर दहा सेकंद उघडं असो नाहीतर तीस सेकंद, तो त्याच्या जागी तेवढाच क्षणभर चमकून जाणार. म्हणजे शटर वाढवून काजवा जास्त उजळ येत नाही, फक्त काजव्यांची संख्या वाढते आणि मागचं आकाश उजळ होतं. काजवा उजळ हवा असेल तर दोनच गोष्टी, लेन्सचं तोंड मोठं उघडा आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवा. हे डोक्यात बसलं ना, की बाकी सेटिंग तुम्हीच काढाल. मी पहिल्या वर्षी कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स, एफ ३.५, आयएसओ ४००, आणि काजवे दिसत नाहीत म्हणून शटर वाढवतोय, वाढवतोय, एक मिनिट, दोन मिनिटं, आकाश पांढरं व्हायला लागलं तरी काजवे काही दिसेनातच.

तर सुरुवात अशी करा. एफ १.८ ते २.८, जे असेल ते. आयएसओ १६००, लेन्स एफ ३.५ च असेल तर ३२००. शटर १५ किंवा २० सेकंद. ५० एमएमची एफ १.८ वाली स्वस्त लेन्स जवळपास प्रत्येकाच्या बॅगेत असते, ती काढा, झाडापासून थोडं मागे सरका, किट लेन्सपेक्षा कितीतरी बरं काम होतं. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः काही न करता दिलेली कच्ची. व्हाइट बॅलन्स ऑटोवर अजिबात नको, नाहीतर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येतो आणि नंतर डोकं फिरतं, ३८०० ते ४००० केल्विनच्या आसपास कुठेतरी खिळवून ठेवा.

मेनूत लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन नावाचा एक प्रकार असतो, तो बंद करा. चालू असला की २० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा अजून २० सेकंद डोळे मिटून एक काळा फोटो काढतो आणि तो आधीच्या फोटोतून वजा करतो. म्हणजे निम्मी रात्र तुमचा कॅमेरा झोपलेला. काजव्यांचा जोर आठ ते दहा-साडेदहा, त्यातला निम्मा वेळ असा घालवायचा म्हणजे काय.

पण बंद केला की दुसरी भानगड उभी राहते. मेमधली उकाड्याची रात्र, सेन्सर तापतो, आणि फोटोत लाल, हिरवे, निळे बारीक ठिपके यायला लागतात, हॉट पिक्सेल म्हणतात त्यांना. ते हुबेहूब लांबच्या काजव्यासारखे दिसतात. एका वर्षी मॅडमच्या फोटोत निळे काजवे निघाले. अकरा. त्यांनी मोठ्या हौसेने दाखवला, सगळे वा वा करतायत, आणि काका चष्मा वर करून म्हणाले, "अहो मॅडम, हा निळा कुठल्या जातीचा?" तेव्हापासून कुणाच्याही फोटोत शंका आली की आम्ही निळा काजवा म्हणतो. उपाय सोपा आहे, रात्री आवरताना लेन्सला झाकण लावून त्याच शटरला आणि त्याच आयएसओला चार-पाच काळ्या फ्रेम काढा, नंतर सॉफ्टवेअरमध्ये त्या वजा करता येतात. शिवाय हॉट पिक्सेल प्रत्येक फ्रेममध्ये जागचा हलत नाही, आणि काजवा काही नेमका त्याच ठिपक्यावर चाळीस वेळा येऊन बसत नाही, त्यामुळे फ्रेम भराभर पुढेमागे केल्या की चोर सापडतो.

शटर दाबायला वायरवाला स्वस्तातला रिमोट घ्या, कॅमेरा कंटिन्युअसवर टाका, रिमोटचं बटण लॉक करा आणि बाजूला बसा. एकामागून एक निघत राहतील. बॅटरी पूर्ण भरलेली, एक जास्तीची खिशात. दर पंधरा-वीस मिनिटांनी लेन्सच्या काचेवर बोटाने नाही, डोळ्याने बघा, दमट हवेत दव धरतं आणि कळत नाही, मग शेवटच्या तीस फ्रेम धुरकट. मऊ कापड जवळ ठेवा आणि पुसताना कॅमेरा हलवू नका, हे बोलायला सोपं आहे.

फोनवाल्यांसाठी

भाच्याचं म्हणणं असं की कॅमेरावाले उगाच मिरवतात. थोडं खरं आहे ते. फोनला पण ट्रायपॉड लागतोच, किंवा दगडावर टेकवून ठेवा. साधा नाइट मोड वापरू नका, तो स्वतःच पाच-दहा फ्रेम काढून त्यांची सरासरी काढतो आणि मधेच चमकून गेलेला काजवा त्याला कचरा वाटतो, तो पुसून टाकतो. प्रो मोडमध्ये जा, आयएसओ ८०० ते १६००, शटर फोन देईल तेवढं, बऱ्याच फोनमध्ये ३० सेकंद मिळतं, फोकस मॅन्युअल करून झाडावर. तीन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोट लागून हलणार नाही. तीस-चाळीस फोटो काढा आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर जोडा. पिक्सेल फोनमध्ये २०१९ पासून ताऱ्यांचे फोटो काढायचा मोड आहे, चार मिनिटांपर्यंत आपलं आपण जोडून देतो, तो ताऱ्यांसाठी बनवलाय, काजव्यांना कधी पावतो कधी नाही.

काळोखात कसं वागायचं

उडताना चमकतात ते बहुतेक नर. मादी खाली गवतात किंवा पानावर बसून उत्तर देते, तीही चमकूनच. म्हणजे तो सगळा लखलखाट हे बोलणं चाललंय, आणि आपण मधे पांढरी बॅटरी मारली की बोलणं तुटतं. पाय टाकताना गवत तुडवलंत तर मादी पण गेली आणि अंडी पण. अळ्या तर वर्षाचा बहुतेक काळ तिथेच खाली, ओल्या पाचोळ्यात, गोगलगायी खाऊन जगतात. तर मळलेल्या पायवाटेवरच ट्रायपॉड लावा, झाडाखाली जाऊन नाही. बॅटरी लागलीच तर लाल कागद लावून, तीही जमिनीकडे. कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद, फोकसला मदत करणारा तो केशरी दिवा बंद, मागचा स्क्रीन बंद किंवा अगदी मंद. रिमोटवर आणि पॉवरबँकवर बारके एलईडी असतात त्यांवर काळी चिकटपट्टी. डास चावतात म्हणून स्प्रे मारत बसू नका, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. आणि फोनवर गाणी लावणाऱ्याला मी गाडीतच सोडून येतो.

एक फ्रेम निघाली की ती लगेच मोठी करून बघायचा मोह होतो. पहिल्या दोन बघा, फोकस आणि उजेड ठीक आहे ना एवढंच, मग स्क्रीन झाकून ठेवा आणि डोळ्यांनी बघा. कधीकधी पूर्ण झाड एका लयीत चालू-बंद होतं, एका फांदीपासून लाट निघून दुसऱ्या टोकाला जाते. हे कुठल्याच फोटोत येत नाही, व्हिडिओत थोडंफार. त्या लाटेचा फोटो काढायचा कसा यावर आमच्यातल्या कुणाकडेच उत्तर नाहीये अजून.

घरी आल्यावर

आधी फ्रेम चाळा. गाडीचा झोत, कुणाची बॅटरी, विमान, ढग उजळलेला, ट्रायपॉडला धक्का, या सगळ्या फ्रेम बाजूला. उरलेल्यांपैकी एकीवर रंग-उजेड जे काही करायचं ते करा आणि तेच जसंच्या तसं बाकीच्यांना लावा, प्रत्येक फ्रेमला वेगळं नाही. मग जोडायचं. फुकटात स्टारस्टॅक्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालतं, काळ्या फ्रेमही तिथेच टाकता येतात. फोटोशॉपमध्ये करायचं तर सगळ्या फ्रेम थरावर थर म्हणून उघडा, तळाची सोडून बाकी सगळ्या निवडा आणि ब्लेंड मोड लाइटन करा. लाइटन म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या जागी सगळ्या थरांमधला सर्वांत उजळ ठिपका ठेवतो. काळोख काळोखच राहतो, काजवे तेवढे साठतात. काही जण स्क्रीन मोड वापरतात, त्यात उजेडाची बेरीज होत जाते आणि दहा-बारा थरांनंतर धुकं पसरल्यासारखं होतं, मला नाही आवडत.

ताऱ्यांची एक गोची आहे. पृथ्वी फिरते, तारे सरकतात, तासाला पंधरा अंश. २० सेकंदांच्या चाळीस फ्रेम म्हणजे तेरा-चौदा मिनिटं, तेवढ्यात तारे तीन अंशांहून जास्त सरकतात आणि आकाशात छोट्या छोट्या रेघा येतात. काहींना त्या आवडतात. नको असतील तर आकाश एकाच फ्रेमचं ठेवा आणि मास्क लावून झाडाखालच्या आणि झाडावरच्या भागातच काजवे साठवा.

सगळ्या फ्रेम एकदम टाकू नका. पाच टाका, बघा. दहा, बघा. वीस. कुठेतरी अशी जागा येते की झाडाचा आकार काजव्यांमुळेच दिसत असतो, आणि अजून पाच टाकल्या की फांद्या गायब होऊन नुसता पिवळा गोळा होतो. मी त्या जागेच्या दोन पावलं आधी थांबतो. माझ्या लेन्सला, माझ्या अंतरावरून, हे साधारण वीस ते पस्तीसच्या मधे येतं. तुमचं वेगळं असेल, झाड किती पेटलंय त्यावर आहे.

रंगाचं पण तसंच. काजव्याचा खरा रंग पिवळसर हिरवा, पोपटीकडे झुकणारा. बरेच जण तो ओढून ओढून सोनेरी करतात, कारण सोनेरी छान दिसतो. करा, पण मग गवत पण तांबूस होतं आणि फोटो चुलीजवळ काढल्यासारखा वाटतो.

आता भांडण

डॉक्टरांचा मुद्दा सरळ आहे. मी तिथे उभा होतो, मला एका वेळी पन्नास-शंभर काजवे दिसत होते, तुमच्या फोटोत पाच हजार आहेत, हे कुठून आले? याला उत्तर देणं वाटतं तितकं सोपं नाही. मी त्यांना म्हटलं, डॉक्टर, तुमची एक फ्रेम पण २० सेकंदांची आहे, डोळ्याला २० सेकंद साठवता येतात का? तुम्ही पण साठवलेलंच दाखवताय, फक्त कमी. त्यावर ते म्हणाले की मी शटर एकदा उघडलं आणि एकदा मिटलं, मधे मी काही निवडलं नाही, तू मात्र गाडीवाल्या फ्रेम काढून टाकल्यास. हे मला लागलं. कारण ते खरं आहे, माझ्या फोटोतली रात्र ही गाड्या नसलेली रात्र आहे, आणि अशी रात्र तिथे मेमधल्या शनिवारी नसते.

काका फिल्मवाले. ते म्हणतात, आम्ही बी मोडला, म्हणजे हवं तेवढा वेळ उघडं राहणारं, शटर उघडून वीस वीस मिनिटं बसायचो, गाडी आली की लेन्ससमोर काळी टोपी धरायचो, गाडी गेली की काढायचो. ते काय होतं मग? निगेटिव्ह एकच, पण निवड होतीच की. त्यांच्या मते स्टॅक म्हणजे त्याच टोपीचं नवं रूप, वावगं काही नाही. फरक एवढाच की फिल्मवर मागचं आकाश पण साठत जायचं, त्यामुळे एका मर्यादेनंतर निसर्गच तुम्हाला थांबवायचा, लाइटन मोडमध्ये तो ब्रेक नाही, तुम्ही हजार फ्रेम टाका, काळं काळंच राहणार. मला हा मुद्दा फार आवडतो.

डॉक्टरांच्या नियमाची खरी पंचाईत केली ती ऑलिंपसने. त्यांच्या काही कॅमेऱ्यांत लाइव्ह कंपोझिट म्हणून सोय आहे, कॅमेरा स्वतःच फ्रेमवर फ्रेम चढवत जातो आणि तुम्हाला हातात एकच फाइल देतो, तुम्ही स्क्रीनवर बघता बघता पुरे म्हणायचं. आता ही एक फ्रेम की शंभर? डॉक्टर आधी म्हणाले शंभर, मग म्हणाले एक, मग म्हणाले चहा घेऊ.

मॅडमना हा वादच बावळट वाटतो. त्या म्हणतात मी तासभर झाडाखाली उभी होते, घरी आल्यावर माझ्या डोळ्यापुढे जे झाड येतं ते तासभराचं येतं, २० सेकंदांचं नाही, मी ते दाखवते. कुणी पंचनामा मागितलेला नाही. यावर माझं म्हणणं इतकंच की फोटो घरात टांगायचा असेल तर ठीक, पण तोच फोटो बघून पुढच्या शनिवारी चारशे गाड्या निघतात आणि लोकांना वाटतं झाड असंच दिसणार, मग तिथे उभं राहून म्हणतात, हे काय, फोटोत तर किती होते. आणि बॅटरी मारून शोधायला लागतात.

२०२३ च्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत निवडलेल्या फोटोंमध्ये श्रीराम मुरली यांचा तामिळनाडूतल्या अनामलाईच्या जंगलातल्या काजव्यांचा एक फोटो होता. १९ सेकंदांच्या ५० फ्रेम, म्हणजे १६ मिनिटांचा उजेड, आणि हे फोटोबरोबरच उघड सांगितलेलं होतं. मी तो डॉक्टरांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, १६ मिनिटं म्हणतोय ना तो, मग माझं भांडण नाही.

मग माझं पण मत तिथेच येऊन थांबलं. फ्रेम किती हे तुमचं तुम्ही ठरवा, पण मिनिटं सांगा.

संध्याकाळची बेस फ्रेम आणि नऊ वाजताचे काजवे, हे चालतं का? ट्रायपॉड हलला नाही, रात्र तीच, झाड तेच, तर मी चालवून घेतो. डॉक्टर नाही घेत. काका म्हणतात लिहा आणि चालवा. पण काही गोष्टींवर पूर्ण टोळकं एकमत आहे, आणि हे आमच्यात दुर्मिळ आहे. ब्रशने काजवे रंगवायचे नाहीत. झाडाच्या डाव्या बाजूचे काजवे उचलून उजव्या बाजूला चिकटवायचे नाहीत. लडाखची आकाशगंगा रतनवाडीच्या झाडावर आणून ठेवायची नाही, शिवाय ती चुकीच्या दिशेला असते आणि कुणीतरी ओळखतंच.

जागेचं नाव लिहायचं की नाही यावर मात्र अजून जमलेलं नाही. मॅडम नेमकं झाड सुद्धा सांगतात, गावातल्या लोकांचं त्यावर हंगामभर भागतं म्हणतात, आणि ते खरंच भागतं. डॉक्टर नुसतं सह्याद्री लिहितात. मी गावाचं नाव लिहितो, झाड नाही, ज्याला झाड हवं त्याने मामांना विचारावं आणि त्यांची मजुरी द्यावी.

मागच्या हंगामातल्या माझ्या फोटोखाली मी जे लिहिलं तेच इथे देतो, हवं तर असंच उचला: घाटघर, सादड्याचं झाड, वैशाख अमावस्येच्या आदल्या रात्री. काजव्यांच्या ३२ फ्रेम, प्रत्येकी १५ सेकंद, एकूण ८ मिनिटं, ५० एमएम, एफ २, आयएसओ १६००. आकाश आणि फांद्या संध्याकाळी साडेसातच्या एका फ्रेमच्या. गाड्यांच्या ९ फ्रेम काढून टाकल्या. उजव्या फांदीच्या टोकाला एक निळा काजवा राहिलाय, दिसला तर काकांना सांगू नका.